लोणावळा ते राजमाची : सायकलीवरचे तीन दिवस

राजमाचीच्या किल्ल्यावर मी यापूर्वी चार वेळा गेलो होतो, पण चारही वेळा पायी आणि चारही वेळा पावसाळ्यात. त्यामुळे लोणावळ्याहून निघणारी ती पंधरा-सोळा किलोमीटरची वाट माझ्या आठवणीत 'जवळजवळ सपाट' म्हणून नोंदली गेली होती. चालणाऱ्याच्या पायाला लहान चढउतार फारसे जाणवत नाहीत, आणि नकाशा पाहिला तरी लोणावळा आणि राजमाचीच्या पायथ्याचे उधेवाडी यांच्या उंचीत मोठा फरक दिसत नाही. याच भरवशावर मी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या एका मित्रांना जानेवारीत सायकलीवर राजमाचीला नेण्याचा बेत आखला. वाट सोपी असल्याची हमीही मीच दिली होती, आणि पुढचे तीन दिवस त्या हमीची आठवण मला वारंवार करून देण्यात आली.

हिवाळा निवडण्याची कारणे उघड होती. पावसाळ्यात वाटेवरचे ओढे वाहतात, चिखल टायर आणि फोर्क यांच्यामध्ये इतका भरतो की चाक फिरेनासे होते, शिवाय शनिवार-रविवारी गर्दीही असते. मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि दिवसाचे ऊन सायकलीला मानवत नाही. जानेवारीत हवा कोरडी असते, आकाश स्वच्छ असते आणि वाट मोकळी असते. मात्र कोरडी वाट म्हणजे सोपी वाट नव्हे, हे मला उशिरा कळले. ओल धरलेली माती टायरला थोडी तरी पकड देते. जानेवारीपर्यंत तीच माती सुकून, भुगा होऊन वाऱ्यावर गेलेली असते, आणि कातळावर जो मुरूम उरतो तो पायाखाली बेअरिंगच्या छऱ्यांसारखा सरकतो.

सराव आम्ही दोन महिने केला होता. मुंबईच्या माणसाला चढ हवा असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे आणि ठाण्याचा येऊर आहे. दोन्ही ठिकाणी आम्ही रविवारी पहाटे घाम गाळला. हे दोन्ही रस्ते डांबरी आहेत आणि डांबरावरच्या सरावाने फक्त दम वाढतो, तोल वाढत नाही, हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

पहिला दिवस : मुलुंड ते लोणावळा

पहाटेच्या खोपोली लोकलच्या मालडब्यात आम्ही पुढची चाके काढून सायकली उभ्या केल्या. डब्यात रात्री दादरला भाजी उतरवून रिकाम्या पाट्या घेऊन परत निघालेली तीन-चार माणसे होती आणि ती पाट्यांना टेकून गाढ झोपली होती. बदलापूरच्या पुढे उल्हास नदी रुळांच्या जवळपास राहते. धुक्यात ती दिसली नाही, तिच्या दिशेने येणारा गारवा तेवढा दारातून आत येत होता. ही नदी राजमाचीच्याच डोंगराळ खोऱ्यात उगम पावते, हे मी भाच्याला सांगितले. त्याने मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी स्थानके घेत गाडी खोपोलीला पोचली तेव्हा उजाडले होते.

खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. ते १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईला वीज देऊ लागले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून पाचशेहून अधिक मीटर खाली येते आणि त्यावर जनित्रे फिरतात. ते पाणी जेवढे खाली येते जवळपास तेवढेच आम्हाला वर जायचे होते, आणि नेहमीप्रमाणे शिंग्रोबाच्या देवळावरून जाणाऱ्या जुन्या घाटरस्त्याने जायचे होते. हा रस्ता १८३० साली वाहतुकीला खुला झाला. इंग्रजांना घाटातली वाट ज्याने दाखवली तो धनगर म्हणजे शिंग्रोबा, आणि वाट मिळाल्यावर त्यांनीच त्याचा जीव घेतला, अशी कथा सांगितली जाते. आजही जाणारा-येणारा चालक देवळापाशी नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाही. आम्हीही टाकले.

चढाविषयी एक हिशेब सांगण्यासारखा आहे. बोरघाटातला रेल्वेचा चढ १ : ३७, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि तरीही तो चढताना गाडीला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. शिंग्रोबाच्या वळणांवरचा चढ त्याच्या कितीतरी पट आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "मामा, मग आपला बँकर कुठाय?" आमचे ज्येष्ठ मित्र त्या वेळी बरेच मागे होते, त्यांनी पहिल्याच कठीण वळणावर सायकलीवरून उतरून शांतपणे ढकलायला सुरुवात केली होती.

वरच्या बाजूला हा जुना रस्ता द्रुतगती मार्गाला मिळतो आणि काही अंतर सगळी वाहतूक एकत्र चालते. हा तुकडा मला मुळीच आवडत नाही. अवजड ट्रक तिथे चालण्याच्या वेगाने चढत असतात, त्यांच्या इंजिनांची गरम हवा अंगावर येते आणि सायकलवाल्याने डाव्या कडेला एका ओळीत, मान खाली घालून पुढे जाण्याखेरीज दुसरे काही करण्यासारखे नसते. पूर्वी इथे अमृतांजन पूल होता. तो २०२० साली पाडल्यापासून या वळणावर आपण नेमके कुठे आहोत ते मला क्षणभर कळत नाही. खंडाळ्यात चहा आणि लोणावळ्यात मुक्काम एवढेच पुढे सांगण्यासारखे आहे. रात्री थंडी चांगलीच होती, आणि त्या थंडीत बाहेर जाऊन टायरमधली हवा कमी करण्याचे काम मी सकाळवर ढकलले.

दुसरा दिवस : लोणावळा ते उधेवाडी

सकाळी ते काम मी विसरलो. घाटातल्या डांबरासाठी मी टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरली होती. दगडांच्या वाटेवर ट्यूब असलेल्या टायरला ३० च्या आसपास पुरते आणि भाच्याच्या ट्यूबलेस टायरला त्याहूनही कमी चालते. हवा जास्त असली की टायर दगडाला कवेत घेत नाही, त्याच्यावरून उडी मारतो. पण हे सगळे मला नऊ वाजता कळले. सात वाजता आम्ही तुंगार्लीच्या चढाला भिडलो होतो.

तुंगार्लीचा चढ डांबरी असला तरी मोठा उद्धट आहे. अंग तापण्याआधी, थंड गुडघ्यांनी, बंगल्यांच्या कुंपणांमधून तो थेट वर जातो. भाच्याच्या नव्या सायकलीला पुढे एकच ३२ दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी ५० दात्यांची आहे. माझ्या जुन्या सायकलीला पुढे तीन चकत्या, त्यांतली लहान २२ ची, आणि मागे सर्वांत मोठी ३४ ची. किमतीत दोन्हींचे अंतर मोठे आहे, पण ३२ ला ५० ने भागले आणि २२ ला ३४ ने भागले तर उत्तर जवळजवळ एकच येते. त्यातही माझे चाक साडेसत्तावीस इंची आणि त्याचे एकोणतीस इंची असल्यामुळे चढावर माझाच गिअर किंचित हलका पडतो. हे मी चढाच्या मध्यावर त्याला सांगायला नको होते, कारण बोलण्यात श्वास गेला आणि तो पुढे निघून गेला.

डांबर संपल्यावर कच्चा रस्ता सुरू होतो. जीपगाड्यांच्या चाकांनी त्यावर दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या आहेत आणि मध्ये वाळलेल्या गवताचा उंचवटा राहिलेला आहे. उतारावर चाकोरी सोयीची असते. चढावर मात्र पावसाळ्यातले पाणी याच चाकोऱ्यांतून वाहिलेले असल्यामुळे त्यांतली माती निघून गेलेली असते आणि नारळाएवढे सुटे दगड तेवढे उरलेले असतात. त्यामुळे चढ आला की मधल्या गवताच्या पट्ट्यावर यायचे, हा पहिला धडा आम्ही तीन वेळा पडून शिकलो. दुसरा धडा गिअरचा होता. चढ सुरू झाल्यावर गिअर उतरवायला गेले की ताणलेली चेन करकरते आणि कधी कधी सुटते. म्हणून ओढ्याच्या तळाशी, वेग असतानाच, सर्वांत हलक्या गिअरवर येऊन राहावे लागते. तिसरी गोष्ट सांगून समजत नाही, अंगवळणीच पडावी लागते. चढावर उभे राहून पायडल मारले तर मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरते. मागे रेलून बसले तर पुढचे चाक उचलले जाते. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे सीटचे अगदी टोक. त्यावर बसायचे, कोपर खाली टाकायचे आणि छाती हँडलजवळ न्यायची. ही बसण्याची पद्धत अतिशय अप्रतिष्ठित दिसते, पण चाक सरकत नाही.

वाटेचा स्वभाव असा की ती एका ओढ्यात उतरते, पलीकडे चढते, थोडे सपाट चालते आणि पुन्हा उतरते. प्रत्येक उतारावर आपण मिळवलेली उंची घालवतो आणि पुढच्या चढावर तीच परत विकत घेतो. दोन टोकांची उंची सारखी असूनही मधला हिशेब कसा फुगतो हे माझ्या लक्षात येऊ लागले होते. ओढे कोरडे होते, पण त्यांच्या तळाशी गुळगुळीत दगडगोटे आणि त्यांवर पानांचा जाड थर होता, आणि त्या पानांखाली नेमके काय आहे हे चाक गेल्यावरच कळत होते. नऊच्या सुमाराला अशाच एका ओढ्यात माझी सायकल एका दगडावरून उडून दुसऱ्यावर आपटली, मी हँडलवरून पुढे गेलो आणि कारवीच्या वाळक्या काटक्यांत अलगद बसलो. लागले काही नाही. टायर दाबून पाहिल्यावर मात्र रात्री राहिलेले काम आठवले. हवा सोडताना झालेला फुस्स आवाज ऐकून भाचा हसला. मित्रांनी फक्त एवढेच विचारले, "सोपी वाट म्हणतात ती हीच का?"

या मित्रांच्या चालीविषयी इथे लिहिलेच पाहिजे. त्यांनी कोणताही मोठा चढ सायकलीवर बसून चढण्याचा प्रयत्न केला नाही. तळाशी उतरायचे, सायकल डोंगराच्या बाजूला घ्यायची, ब्रेकवर दोन बोटे ठेवायची आणि एका लयीत ढकलत वर यायचे. आम्ही दोघे त्याच चढावर धडपडत, घसरत, मध्येच थांबत वर जायचो आणि छाती भात्यासारखी चालू असताना पाणी पीत उभे राहायचो. तोवर ते दोन-तीन मिनिटांत येऊन पोचायचे, सायकलीवर बसायचे आणि न थांबता पुढे जायचे. माझ्या मीटरवर चढावरचा आमचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर दिसत होता; माणूस सायकल ढकलत साधारण तीनने चालतो. म्हणजे एवढा सगळा खटाटोप ताशी दीड किलोमीटरच्या फरकासाठी चालला होता. भाच्याला हा हिशेब पटला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटवून घ्यायचा नव्हता.

वळवंडच्या फाट्यानंतर झाडी दाट होते. या दिवसांत कारवीची पाने झडून काड्या उरतात, पण जांभूळ आणि हिरडा हिरवे असतात, त्यामुळे सावलीचे आणि उन्हाचे पट्टे वाटेवर आलटून पालटून पडतात. सावलीत हात गारठतात, उन्हात घाम येतो. जाकीट घालावे की काढावे यात आमचा बराच वेळ गेला. उन्हातून एकदम सावलीत शिरल्यावर डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि दगड नेमका तिथेच असतो, हाही हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हाचा त्रास आहे. काही चढांवर आता काँक्रीटच्या पट्ट्या टाकलेल्या दिसल्या. तिथे पकड मिळते, पण पट्टी संपते त्या कडेला माती खचून वीतभर पायरी झालेली असते, आणि ती सावध नसलेल्या सायकलवाल्याला तिथेच उभा करते.

सर्वांत खडा चढ फणसराईच्या पुढे आम्हाला भेटला. जेमतेम दोनशे मीटरचा असेल. मी पहिल्या प्रयत्नात अर्ध्यावर थांबलो, आणि अशा चढावर एकदा पाय टेकला की सरळ वर तोंड करून पुन्हा निघता येत नाही, कारण पहिले पायडल पुरे होण्याआधीच चाक मागे येते. अशा वेळी सायकल चढाला आडवी लावून, रस्त्याच्या रुंदीत दोन पायडले मारून मग वळावे लागते. तेही साधले नाही. भाचा खाली परत गेला, दम घेऊन पुन्हा आला आणि तिसऱ्या खेपेला वर पोचला. वर पोचल्यावर तो काही बोलला नाही, सायकल टाकून रस्त्यावर पालथा पडून राहिला. मी ढकलत गेलो.

उधेवाडीत आम्ही दुपारी एकच्या सुमाराला पोचलो. पंधरा-सोळा किलोमीटरला सहा तास लागले होते, आणि पायी मला यापूर्वी साडेचार लागले होते. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी सायकलींकडे पाहून पहिला प्रश्न केला, "चालत आला असता तर लवकर नसता का पोचला?" त्या दिवशी भोगी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, घेवडा, हरभरा, गाजर घातलेली भोगीची भाजी आणि वर लोण्याचा गोळा, असे जेवण समोर आल्यावर त्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज उरली नाही.

संध्याकाळी आम्ही पायीच श्रीवर्धनवर गेलो. राजमाचीचे बालेकिल्ले दोन, श्रीवर्धन आणि मनरंजन; मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे. श्रीवर्धन ९१४ मीटर उंच आहे आणि बोरघाटावर नजर ठेवायला याहून चांगली जागा सापडणे कठीण आहे. वरून ढाकचा कडा, नागफणी, शिरोट्याचे पाणी आणि दूरवर माथेरानचे पठार दिसले, आणि खाली आम्ही सकाळपासून कापलेली वाटही दिसली. एवढ्या उंचीवरून ती झाडीतून जाणारी एक सरळ, सपाट रेघ होती. मित्रांनी तिचा फोटो काढून घेतला. माझ्या हमीचा पुरावा म्हणून तो जपून ठेवणार असल्याचे त्यांनी सांगितले.

रात्री परतीच्या वाटेवरून वाद झाला. कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला आणि तिथून कर्जतला उतरावे असे भाच्याचे म्हणणे होते. ती जंगलातली उभी पायवाट आहे आणि तिच्यावर सायकल बहुतेक ठिकाणी खांद्यावरच घ्यावी लागेल. मी नको म्हणालो. तेरा किलोची सायकल खांद्यावर घेऊन घसाऱ्यावरून उतरण्यापेक्षा ओळखीचा चढ बरा. मावशींनी भांडी आवरता आवरता निकाल दिला : "त्या वाटेनं आम्ही डोक्यावर ओझं घेऊन येतो-जातो. पण ओझ्याला चाकं नसतात."

तिसरा दिवस : उधेवाडी ते मुलुंड

संक्रांतीच्या सकाळी हातावर तिळगूळ घेऊन आम्ही सव्वासातला, सूर्य उगवता उगवता निघालो. गवतावर दव होते आणि त्यामुळे मुरूम किंचित दबलेला होता. पहिल्या तासाभरात चाक कालच्यापेक्षा कितीतरी चांगले धरत होते. थंडीतल्या सायकलस्वाराला वाट अनुकूल असते ती एवढाच वेळ, आणि आदल्या दिवशी तो वेळ आम्ही तुंगार्लीच्या डांबरावर खर्च केला होता. काल ज्या खड्या चढाने आम्हाला अडवले तो आज उतार होऊन आला. तो मी सीटच्या मागे सरकून, दोन्ही ब्रेक हलके दाबून उतरलो. भाचा कालचा हिशेब चुकता करायचा म्हणून वेगात गेला आणि तळाशी एका धारदार दगडाने त्याच्या मागच्या टायरची बाजू अंगठ्याएवढी चिरली.

ट्यूबलेस टायरमधले पांढरे द्रावण लहान भोक बुजवते, एवढी चीर त्याच्या आवाक्यातली नसते. ते सगळे द्रावण भाच्याच्या बुटावर सांडले. माझ्याकडे जादा ट्यूब होती, पण ती साडेसत्तावीस इंची. ताणून ती एकोणतीस इंचीत बसते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. प्रश्न चिरेचा होता, कारण हवा भरली की ट्यूब फुग्यासारखी तिच्यातून बाहेर येणार. तेव्हा मित्रांनी सॅकमधून रिकामी दुधाची पिशवी काढली. ओले मोजे ठेवायला आणलेली होती. तिच्या चार घड्या घालून ती चिरेच्या आतून टायरला लावली, वर ट्यूब बसवली आणि बेताचीच हवा भरली. पिशवी टिकली.

परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षा कठीण निघाली. याचे एक कारण थकवा. दुसरे असे की काल जिथे आम्ही लांब उतार म्हणून खूश झालो होतो ते सगळे आज चढ होऊन समोर उभे होते, आणि उतरताना त्यांची लांबी कोणीच मोजली नव्हती. दहा वाजता दव उडाले आणि मुरूम पुन्हा सुटा झाला. दुधाच्या पिशवीच्या काळजीने भाचाही चढावर उतरू लागला. मग मीही उतरलो. शेवटच्या दोन ओढ्यांतून आम्ही तिघे एका मागोमाग एक सायकली ढकलत वर आलो आणि त्या वेळी प्रथमच आमच्यात नीट गप्पा झाल्या.

तुंगार्लीला बारा वाजले. लोणावळ्यात जेवून आम्ही दुपारी घाट उतरलो. शिंग्रोबाच्या वळणांवर ब्रेक सतत दाबून ठेवले तर डिस्क तापते आणि पकड सैल होते, म्हणून वळणाआधी जोरात दाबायचे आणि वळण संपले की सोडायचे, असे करत खोपोली गाठली. लोकलच्या मालडब्यात शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले की या सायकली केवढ्याला मिळतात. भाच्याने खरी किंमत सांगितली. त्यांनी सायकलीकडे, मग मातीने माखलेल्या आम्हा तिघांकडे पाहिले आणि सहानुभूतीने पदराच्या गाठीतला तिळगूळ आमच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत सायकल धुतली. चेन, चकत्या आणि स्पोकांच्या बुडाशी बसलेली माती तीन बादल्यांनंतरही लालच निघत होती. ती नेमकी कुठे पडते आहे याकडे माझे लक्ष नव्हते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोरीवरच्या पांढऱ्या चादरी हातात घेऊन दार वाजवले तेव्हा ते कळले.